पणती उथळच का असते? खायच्या तेलावरचा आणीबाणीचा दिवा

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं. शेजारच्या दापोली तालुक्यात, आमच्या वाडीत, विजेचे खांब त्या एका दुपारी आडवे झाले आणि वीज परत यायला तीन आठवडे लागले. पहिल्या रात्री बॅटऱ्या होत्या, मोबाइल होते. तिसऱ्या रात्री सगळं संपलेलं. दुकानातल्या मेणबत्त्या पहिल्याच दिवशी उचलल्या गेल्या होत्या आणि रेशनचं रॉकेल तर त्याआधीच बंद झालेलं. घरात होता तो शेंगदाणा तेलाचा पाच लिटरचा डबा.

मी सॉसची उंच बाटली घेतली, झाकणाला खिळ्याने भोक पाडलं, जुन्या पंचाची चिंधी पिळून वात केली, तेलात बुडवून काढली आणि बाटलीत अर्ध्यापर्यंत तेल ओतलं. लहानपणी गोठ्यात पाहिलेली रॉकेलची चिमणी अशीच असायची. दिवा लागला. थोडा वेळ छान जळला, मग ज्योत हरभऱ्याएवढी झाली, वातीचं टोक निखाऱ्यासारखं लाल झालं, चिंधी जळाल्याचा वास सुटला आणि दिवा गेला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. काकूने बाटली काढून घेतली, तेच तेल एका वाटीत ओतलं, देवघरातली वात त्यात सोडली आणि तिचं टोक काठावर आणून लावलं. आजोबा आजारी होते, रात्री कुणी ना कुणी जागं असायचंच. तो दिवा पहाटेपर्यंत तेवला.

तेल तेच होतं, कापूसही कापूसच. मग बाटलीतला दिवा का गेला आणि वाटीतला का राहिला, हे मला नंतर बरेच दिवस छळत राहिलं. ते उत्तर कळलं की आणीबाणीचा दिवा कसा करायचा हे वेगळं शिकवावं लागत नाही.

टिपकागद शाई शोषतो. फडक्याचं एक टोक बादलीत आणि दुसरं बाहेर लोंबत राहिलं तर काही वेळाने बाहेर पाणी ठिबकायला लागतं. वातीत हेच घडतं. कापसाच्या तंतूंमध्ये केसाहून बारीक फटी असतात आणि तेल त्या फटींच्या भिंतींना धरत वर सरकत जातं. याला केशाकर्षण म्हणतात. वर पोचलेलं तेल जसंच्या तसं पेटत नाही. ज्योतीच्या धगीने आधी त्याची वाफ होते आणि ती वाफ हवेतल्या ऑक्सिजनबरोबर जळते. ज्योतीचा जो पिवळा भाग आपल्याला उजेड देतो, तिथे कार्बनचे अतिसूक्ष्म कण तापून झळकत असतात. ते पुरते जळायच्या आत ज्योतीबाहेर निसटले की त्यांची काजळी होते.

आणि कापूस का जळत नाही? टोकाशी आलेलं तेल वाफ होताना तिथली उष्णता घेऊन जातं, म्हणून. तेलाचा पुरवठा चालू आहे तोवर वात राखली जाते. पुरवठा कमी पडला की ज्योत वातीलाच खायला लागते. माझ्या बाटलीत झालं ते एवढंच: आधी भिजवलेल्या टोकातलं तेल जळून गेलं आणि खालून नवं वेळेवर आलं नाही.

त्या बाटलीत तेलाच्या पातळीपासून ज्योतीपर्यंत दहा-बारा सेंटीमीटरचं अंतर होतं. तेल तेवढं चढतच नाही असं नव्हे. कोरडी चिंधी रात्रभर तेलात उभी ठेवली तर सकाळी ती बरीच वरपर्यंत ओली झालेली दिसते. पण ज्योतीला रात्रभर थांबायला वेळ नसतो, तिला दर मिनिटाला तेल लागतं. शेंगदाणा तेल वजनाने पाण्याहून हलकं असलं तरी वाहायला फार जड आहे. खोलीच्या तापमानाला ते पाण्यापेक्षा पन्नास पटींहून जास्त घट्ट असतं. रॉकेल मात्र पाण्याच्या जेमतेम दीड-दोन पट. म्हणून रॉकेल लांब वातीतून सरसर चढतं आणि कंदिलाची टाकी खाली, ज्योत वर, मध्ये वीतभर वात असा थाट चालतो. गोडेतेलाला तो थाट परवडत नाही. अंतर दुप्पट केलं की पुरवठा निम्म्याहूनही खाली येतो.

आता पणतीकडे पाहा, समईकडे पाहा, निरांजनाकडे पाहा. सगळी उथळ आणि पसरट. वात तेलात आडवी पडलेली आणि फक्त टोक बाहेर. तेल आणि ज्योत यांच्यात एखादं बोट अंतर. हा आकार शोभेसाठी आला नाही, तेलाने तो ठरवून दिला. मला हे उमगलं त्या दिवशी देवघरातल्या समईकडे मी बराच वेळ बघत बसलो होतो.

युरोपातल्या कारागिरांना या घट्ट तेलाने किती सतावलं, तेही वाचण्यासारखं आहे. १७८० साली एमे आर्गां या स्विस माणसाने नळीसारख्या गोल वातीचा झगझगीत दिवा काढला, पण तेल वातीला पुरेना म्हणून टाकी बाजूला उंचावर बसवावी लागली, तेल उतारावरून येईल अशी. १८०० साली कार्सेल नावाच्या फ्रेंच घड्याळजीने तर टाकी खाली ठेवून, घड्याळासारखी किल्ली देऊन चालणारा पंपच दिव्यात बसवला. केवळ तेल वर यावं म्हणून! मग १८५३ साली ल्विव्ह शहरात इग्नात्सी लुकासिएविच या औषधविक्रेत्याने रॉकेलचा दिवा लावला, आणि जगभर रॉकेल पसरलं तसे पंप आणि उंच टाक्या इतिहासजमा झाल्या.

आपल्याला पंप लागत नाही. अंतर कमी ठेवलं की झालं.

बरणीतला दिवा

पणती प्रवासात सांडते, वाऱ्याला टिकत नाही. म्हणून पणतीचंच तत्त्व मी काचेच्या बरणीत घालतो. बरणी बुटकी, जड बुडाची आणि रुंद तोंडाची हवी. जॅमची किंवा लोणच्याची चालते. तोंडातून चार बोटं सहज आत गेली पाहिजेत. उंच आणि अरुंद बरणीत हवा नीट खेळत नाही, ज्योत धुरकटते आणि काठ तापून काच तडकायची भीती राहते.

जुन्या विजेच्या वायरीतली तांब्याची तार घ्या आणि वरचं प्लॅस्टिक पूर्ण सोलून काढा. पदर सुटे असतील तर एकमेकांत पीळ देऊन जाड करा. साधारण फूटभर तार पुरते. तिच्या मधल्या भागाचे बॉलपेनच्या रिफिलवर चार-पाच वेढे घ्या आणि रिफिल काढा. ही झाली वातीची नळी. खालचं टोक वाटोळं वळवून बैठक करा, कासवछाप अगरबत्तीचं स्टँड असतं तशी, आणि नळी बैठकीपासून तीन सेंटीमीटर उंच राहील असं पाहा. वरचं टोक कडेने उभं नेऊन बरणीच्या काठावर आकड्यासारखं अडकवा. दिवा लावताना याच आकड्याला धरून सगळा सांगाडा वर उचलायचा, वात पेटवायची आणि हळूच आत सोडायचा. काडी घेऊन बरणीत हात घालावा लागत नाही.

तार तांब्याची असण्याचा एक जास्तीचा फायदा आहे. तांबं उष्णता चटकन वाहून नेतं, त्यामुळे ज्योतीची थोडी ऊब तारेतून वातीजवळच्या तेलात उतरते. शंभर अंशांपर्यंत तापलेलं शेंगदाणा तेल गार तेलापेक्षा सहा-सात पट पातळ होतं. वातीशेजारचं तेल तेवढं तापत नाही, पण जे काही कोमट होतं त्याने चढणं सोपं होतं. लावल्यावर पहिली काही मिनिटं मरगळलेली ज्योत नंतर स्थिर होते, ती यामुळे.

वातीवर मात्र वेळ घालवा. कापूस शुद्ध हवा. हल्लीच्या टी-शर्टात, बुटाच्या नाडीत पॉलिएस्टर मिसळलेलं असतं. ते वितळून गोळा होतं आणि फटी बुजवतं. कापडाचा एक धागा चिमट्यात धरून जाळून पाहा. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो आणि मऊ राख उरते, कृत्रिम धाग्याचा कडक काळा मणी होतो. देवघरातला कापूस उत्तम. जुनं धोतर, पंचा, सुती साडीचा काठ नसलेला भाग, हेही चालतं. सहा-सात सेंटीमीटर लांब, पेन्सिलीच्या शिशापेक्षा जरा जाड वात वळा आणि नळीतून ओवा. ती नळीत सैलसर सरकली पाहिजे. घट्ट आवळली की फटी दबतात आणि तेल अडतं. वर तीन-चार मिलिमीटर टोक ठेवा, बाकीचं शेपूट खाली तेलात पडू द्या. मग तेल ओतून दहा मिनिटं तशीच भिजू द्या. घाईने कोरड्या वातीला काडी लावली की टोक जळून कोळसा होतो आणि तो कोळसा पुढे तेल नीट ओढत नाही.

तेल नळीच्या वरच्या काठाखाली अर्धा सेंटीमीटरपर्यंत भरा. पातळी त्या काठाच्या दीड सेंटीमीटर खाली गेली की ज्योत रोडावायला लागते, म्हणजे भर घालायची वेळ झाली. आधी दिवा मालवा, मग ओता. आठ सेंटीमीटर रुंदीच्या बरणीत पातळी एक सेंटीमीटर उतरली म्हणजे सुमारे ५० मिली तेल संपलं. मी मोजलं तेव्हा माझ्या वातीला तासाला साधारण ५ मिली लागलं, म्हणजे एका भरण्यात दहा तास. वात जाड असेल तर तेल जास्त जाणार.

ज्योत दोन सेंटीमीटरच्या आसपास ठेवा. ती उंच होऊन टोकाला धूर सोडत असेल तर वात जास्त बाहेर आहे: तेल भरपूर येतंय आणि हवा त्याला पुरत नाही. वात खाली ओढा. टोकावर काळं बोंड धरलं तर कात्रीने कापा.

या दिव्याचा उजेड मेणबत्तीएवढा. एक मेणबत्ती सगळ्या दिशांना मिळून साधारण १२ ल्युमेन प्रकाश देते आणि खिशातली लहानशी एलईडी बॅटरी सहज १०० देते, त्यामुळे फार अपेक्षा ठेवू नका. दिव्यामागे घासलेलं स्टीलचं ताट उभं करा. भिंतीकडे जाणारा उजेड परत फिरतो आणि समोरच्याला ताटातलं जेवण नीट दिसतं.

तार नाही, बरणी नाही, अशा वेळी काकूची वाटी आहेच. फक्त एक लक्षात ठेवा: काठावरून बाहेर आलेली वात तेल बाहेरही खेचते, आणि ते वाटीच्या अंगावरून खाली उतरतं. पणतीखाली तेलाचा डाग पडतो तो असा. म्हणून खाली ताटली हवीच. मातीची नवी पणती असेल तर काही तास पाण्यात बुडवून ठेवा, नाहीतर निम्मं तेल तीच पिते. आणि भांडंच नसेल तर कणकेचा गोळा घट्ट मळा, अंगठ्याने खळगा पाडा, तेल आणि वात घाला. दिव्यांच्या अवसेला आपण करतो तोच दिवा.

कोणतं तेल

शेंगदाणा, करडई, सूर्यफूल, सोयाबीन, तीळ, मोहरी यांतलं घरात असेल ते घ्या. खोबरेल छान जळतं, पण सुमारे २४ अंशांखाली थिजतं. डिसेंबरात सह्याद्रीच्या माथ्यावर ते बाटलीतून बाहेरच येणार नाही. एरंडेल दिव्यात पूर्वापार वापरलं जातं, मात्र ते इतर तेलांच्या कितीतरी पट घट्ट असल्याने पणतीत ठीक, बरणीत नको. कोकणात उंडीच्या बियांचं कडू तेल दिव्यासाठीच काढत. तळणीचं उरलेलं तेल वापरायला हरकत नाही, फडक्यातून गाळून. त्यातले कण वातीत अडकतात, त्यामुळे वात लवकर बदलावी लागते.

पेट्रोल, डिझेल, थिनर, सॅनिटायझर यांतलं काहीही या बरणीत घालू नका. गोडेतेलात थोडंसं मिसळूनसुद्धा नको. कारण नीट समजून घ्या. प्रत्येक द्रवाचं एक तापमान असतं, ज्याला त्याच्या पृष्ठभागावर पेट घेण्याइतकी वाफ साठते; पेट्रोलियमच्या धंद्यात त्याला फ्लॅश पॉइंट म्हणतात. पेट्रोलचा तो शून्याखाली ४० अंशांच्या आसपास आहे, म्हणजे आपल्याकडे पेट्रोल सदासर्वकाळ पेटायला तयार असतं. आपल्या रॉकेलसाठी भारतीय मानकातली किमान मर्यादा ३५ अंश आहे. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात सावलीतला पारा त्याच्या दहा अंश वर असतो. खायच्या बहुतेक तेलांना मात्र ३०० अंशांच्या आसपास तापावं लागतं. त्यामुळे गोडेतेलाचा दिवा कलंडला तर बहुधा तेल सांडतं आणि ज्योत त्यातच बुडून विझते. रॉकेलची चिमणी कलंडली तर सांडलेलं सगळं पेटतं.

श्रीलंकेतले शल्यचिकित्सक डॉ. विजय गोडाकुंबुरा यांनी भाजलेल्या रुग्णांमध्ये हेच पुन्हा पुन्हा पाहिलं. गरीब घरांतून औषधाच्या आणि इतर टाकाऊ बाटल्यांत रॉकेल घालून दिवे केले जात, ते कलंडत, फुटत आणि माणसं जळत. त्यांनी एक साधा काचेचा दिवा घडवला: बुटका, जाड काचेचा, जड, घरंगळू नये म्हणून दोन बाजू सपाट, आणि वर पिळून घट्ट बसणारं धातूचं झाकण. या कामासाठी त्यांना १९९८ साली रोलेक्स पुरस्कार मिळाला. आपल्या बरणीसाठी बुटकी आणि जड या दोन अटी मी त्यांच्याकडूनच घेतल्या आहेत. माझी सॉसची बाटली यातल्या एकाही अटीत बसत नव्हती, आणि त्या रात्री घरात रॉकेल असतं तर मी तेच तिच्यात ओतलं असतं. हा विचार आजही अंगावर येतो.

गोडेतेल सुरक्षित म्हणजे निर्धोक नव्हे. जळकी काडी तेलात टाकून ठेवली तर तीच दुसरी वात होते, मग तिसरी, आणि उथळ वाटीतलं सगळं तेल तापत जातं. कधी पूर्ण वाटी पेटलीच तर पाणी ओतू नका. तापलेल्या तेलात बुडालेल्या पाण्याची क्षणात वाफ होते, तिचं आकारमान पाण्याच्या सुमारे १७०० पट होतं आणि ती पेटतं तेल उडवत बाहेर येते. वर ताट झाका, हवा तोडा, गार होईपर्यंत उघडू नका. रोज मालवतानाही फुंकर नको, तेलाचे थेंब उडतात. स्टीलची वाटी पालथी घाला.

मग नंदादीपाच्या पेल्यात खाली पाणी आणि वर तेल घालतात ते कसं चालतं? तिथे ज्योत लहान असते, तरंगत्या वातीखालचा तेलाचा थर जाड आणि जवळजवळ गार असतो, पाणी कधी उकळीपर्यंत पोचतच नाही. तेल संपत आलं की वात पाण्याला टेकते आणि थोडी तडतडून आपोआप विझते. फार सुरेख युक्ती आहे, पण जिथे दिवा हलणार नाही तिथेच. हिंदकळून पाणी वातीत शिरलं तर तेल उडतं.

निजताना दिवा मालवा. तेलाची वात उंदीर पळवतो हे जुन्या घरांतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, आणि जळती वात कुठे जाऊन पडेल याचा नेम नाही. भूकंपानंतर, वादळानंतर, पूर ओसरल्यावर घरात पाऊल टाकताना गॅसचा वास आला तर काडी ओढू नका, विजेचं बटणही दाबू नका. दारं-खिडक्या उघडा आणि बाहेर या.

डोंगरावर

तंबूच्या आत हा दिवा कधीही लावायचा नाही. नायलॉन आणि पॉलिएस्टरचं कापड सव्वादोनशे-अडीचशे अंशांच्या आसपास वितळतं, ज्योतीच्या पिवळ्या भागाचं तापमान हजाराच्या वर असतं. आणि बंद तंबूत हवा अपुरी पडली की जळण अर्धवट होऊन कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, ज्याला वासही नसतो. तंबूत बॅटरी, बाहेर दिवा. सपाट दगडावर ठेवा, भोवतीचं वाळलं गवत हातभर दूर करा. दिवाळीनंतर आपले डोंगर पिवळे पडतात आणि फेब्रुवारीपासून पाऊस येईपर्यंत एका ठिणगीने आख्खी धार जळते. अभयारण्यातल्या गडांवर उघड्या ज्योतीला मनाई असते. तिथे सोबत नेऊच नका. नेता येईल तिथे बरणी घट्ट झाकणाची घ्या, तार आणि वात वेगळी बांधा, तेल दुसऱ्या बाटलीत. जेवण आवरून सगळे गप्पा मारत बसलेत, मध्ये ही ज्योत आहे आणि वर आभाळ, असं कोकणकड्यापासून लांबच्या एका साध्या माळावर आम्ही मागच्या थंडीत बसलो होतो. बॅटरीच्या पांढऱ्या झोतात समोरच्याचा चेहरा असा दिसत नाही.

आमच्या घरी दरवर्षी आषाढ अमावस्येला समई, निरांजनं, लामणदिवा सगळं चिंचेने घासून पाटावर मांडतात. निसर्गच्या त्या वर्षापासून काकू त्यांच्या शेजारी ती जॅमची बरणीही ठेवते. पाऊस ऐन भरात असतो, वीज रोज जाते. हळदकुंकू वाहून झालं की मी तार सरळ करतो, जुनी वात फेकतो आणि नवी ओवतो.